तुकारामनगर ते येरवडा

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे लेखकाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, असा एक समज आहे. माझ्या गाठीला तसले काही नाही. मी केलेला प्रवास संत तुकारामनगर ते येरवडा एवढाच. जायला तास, यायला तास, आणि मध्ये रस्त्याच्या कडेला उसाचा रस. पण गेल्या काही वर्षांत मी जे थोडेफार हिंडलो, त्यात या दोन तासांइतके लांबचे मला कोणी नेले नाही. म्हणून तेच वाचकांपुढे ठेवतो.

आधी आमच्या गावाची ओळख. गाव म्हणायचे ते सवयीने; खरे म्हणजे ही पिंपरीतली एक वसाहत. शेजारी पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. पुढे चिंचवड-आकुर्डी-भोसरीपर्यंत कारखान्यांची रांग लागली आणि त्यांत काम करणाऱ्या माणसांनी ही नगरे भरली. एका अंगाला वल्लभनगरचा एस.टी. स्टँड, दुसऱ्या अंगाला आचार्य अत्रे रंगमंदिर, आणि मधोमध महापालिकेचे मोठे रुग्णालय. त्याला नाव यशवंतराव चव्हाणांचे, पण लोक म्हणतात वाय.सी.एम. रिक्षावाल्याला 'यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय' असे पूर्ण सांगितले, तर तो तुम्हांला परगावचे समजून चार पैसे जास्त मागेल.

वसाहतीला नाव तुकोबांचे. देहू इथून जवळच. ज्येष्ठ वद्यात पालखी निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि आमच्या अंगावरून पुण्याला जाते. त्या दिवशी कारखान्यातला फिटरसुद्धा कपाळाला बुक्का लावून कामावर जातो.

आमच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोल्यांत, तात्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी एका कारखान्यात होते, सेवादलातले, युनियनमधले. ऑगस्ट १९७५ मध्ये त्यांना मिसाखाली धरले ते सुटले १९७७ च्या जानेवारीत. आरोप काय, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगायचे नाही, अशीच कायद्यात दुरुस्ती केलेली होती. मी तेव्हा अठरा वर्षांचा, दुसऱ्या गावी कॉलेजात. आणीबाणीतली माझी आठवण म्हणाल, तर गाड्या वेळेवर धावत असत अशी जी म्हणण्याची पद्धत आहे, तेवढीच.

यंदा २५ जूनला त्या गोष्टीला पन्नास वर्षे झाली. आदल्या संध्याकाळी तात्या माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, उद्या मला येरवड्याला नेऊन आणता का? आत नाही जायचे. बाहेरूनच पाहायचे आहे."

आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "अहो, अमावास्या आहे उद्या."

तात्या म्हणाले, "वहिनी, मला नेले त्या दिवशी चांगला मुहूर्त असेल, तरी काय उपयोग झाला?"

सोबत त्यांची नातही निघाली. ती कायद्याच्या कॉलेजात आहे. तिच्या खांद्याला पिशवी होती आणि तात्यांच्या खिशात एक जुना, घडीवर झिजलेला कागद होता. तो कसला, हे मी विचारले नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खिशातला कागद एक तर औषधाचा असतो, नाहीतर त्याने तो आपण होऊन दाखवायचा असतो.

संत तुकारामनगरचे मेट्रो स्टेशन हमरस्त्यावरच, उंचावर आहे. मार्च २०२२ मध्ये ही गाडी सुरू झाली. गाडी सुटली की भोसरीचा नाशिक फाटा, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी अशी एकेक ठिकाणे पायांखालून जातात. पूर्वी दापोडीच्या हॅरिस पुलावर बस अडकली, की माणूस घड्याळ पाहून उसासे टाकी. आता मुळा नदी कधी ओलांडली हेही कळत नाही.

"मला नेले तेव्हा जीप होती," तात्या म्हणाले. "याच रस्त्याने. दापोडीला फाटक लागले म्हणून थांबलो, तर हवालदाराने मला चहा पाजला. स्वतःच्या पैशाने."

नात म्हणाली, "आजोबा, पण तुम्हांला आत टाकणाऱ्यांना पुढे शिक्षा काय झाली?"

ती सहज विचारून गेली. पण डब्यात पुढची दोन स्टेशने कोणी बोलले नाही. मग मास्तरकी अंगात भिनलेली असल्यामुळे मीच सांगू लागलो. वाचकांपैकी जे वयाने मोठे आहेत त्यांना हे ठाऊक आहे. पण घरातल्या मुलांना ते असतेच असे नाही, म्हणून थोडक्यात देतो.

मार्च १९७७ मध्ये निवडणुका झाल्या, सत्ता गेली आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. मोरारजी देसाईंच्या सरकारने मे महिन्यात माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. दिल्लीत पतियाळा हाउसमध्ये त्याचे काम चाले. आयोगाने १९७८ साली तीन अहवाल दिले. मिसाखाली सुमारे पस्तीस हजार आणि देशसंरक्षणाच्या नियमांखाली सुमारे पंचाहत्तर हजार माणसे धरली गेल्याचा हिशेब त्यात आहे. आणीबाणीची शिफारस राष्ट्रपतींकडे गेली ती मंत्रिमंडळाला न विचारता. मंत्र्यांना कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली. दिल्लीत माणसे आधी धरली आणि कारणांचे कागद मागाहून तयार केले, असेही आयोगाला आढळले. इंदिराबाई आयोगापुढे आल्या, पण त्यांनी शपथ घेऊन साक्ष द्यायला नकार दिला.

खटल्यांचे काय? ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुराव्याचा आधार नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी सोडून दिले. डिसेंबर १९७८ मध्ये लोकसभेने हक्कभंगासाठी त्यांचे सदस्यत्व काढून आठवडाभर तुरुंगात धाडले. पण ती सभागृहाची शिक्षा, कोर्टाची नव्हे. 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती नष्ट केल्याच्या खटल्यात संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना फेब्रुवारी १९७९ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. आणीबाणीतल्या मोठ्या माणसांचे खटले लवकर निघावेत म्हणून खास न्यायालयांचा कायदा झाला तो १९७९ च्या मे महिन्यात. जुलैत सरकारच पडले. जानेवारी १९८० मध्ये जनतेने इंदिराबाईंना पुन्हा निवडून दिले आणि खटल्यांचे गाडे तिथेच रुतले.

"म्हणजे कोणालाच नाही," नात म्हणाली.

"कोणालाच नाही," तात्या म्हणाले.

एवढ्यात गाडी जमिनीखाली शिरली. शिवाजीनगर गेले आणि जिल्हा न्यायालयाचे स्टेशन आले. इथे गाडी बदलायची. आमची गाडी पाताळात आणि येरवड्याची गाडी आकाशात. मध्ये इतके सरकते जिने की नारदालासुद्धा दम लागावा. एका जिन्यावर तात्यांना हात देता देता मला वाटले, न्यायालयाच्या नावाचे स्टेशन इतके खोल आणि वर यायला इतके टप्पे असावेत, हे एका परीने बरोबरच आहे!

वरच्या फलाटावर बाकावर बसलो आणि गोष्ट ओघानेच पुण्याच्या एका सुपुत्राकडे वळली. यशवंत विष्णु चंद्रचूड पुण्यात जन्मले आणि नूतन मराठी विद्यालयात शिकले. मिसाखाली धरलेल्या माणसाला निदान आपली अटक कायदेशीर आहे की नाही एवढे तरी कोर्टात विचारता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा पाच न्यायमूर्तींत ते एक होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चौघांनी निकाल दिला, विचारता येणार नाही. एकटे हंसराज खन्ना विरुद्ध गेले. पुढे त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला.

"हा निकाल आम्ही आत रेडिओवर ऐकला," तात्या म्हणाले. "आमच्यात संघवाले होते, समाजवादी होते, मार्क्सवादी होते, जमातवाले होते. एरवी आमच्यात भाजीवरून भांडणे. त्या रात्री मात्र कोणी कोणाशी भांडले नाही."

आणि मौज पाहा. खास न्यायालयांचे विधेयक घटनेला धरून आहे की नाही, असे राष्ट्रपतींनी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला विचारले, तेव्हा सरन्यायाधीश होते हेच चंद्रचूड. १ डिसेंबर १९७८ रोजी त्यांनी मत दिले की आणीबाणीतल्या कृत्यांसाठी वेगळे न्यायालय चालेल. मात्र तिथे निवृत्त नव्हे, कामावर असलेला न्यायाधीश हवा आणि आरोपीला खटला दुसरीकडे हलवून मागता आला पाहिजे. ज्यांच्या सरकारने हजारोंना न्यायालयाचे दार बंद केले, त्यांच्यासाठी न्यायालय दार नीट उघडे ठेवत होते. तात्यांना मी विचारले, "तुम्हांला याचा राग येत नाही?"

"तेव्हा आला होता," ते म्हणाले. "आता नाही येत. आम्हांला जे मिळाले नाही ते त्यांनाही मिळू नये, असे म्हटले तर आम्ही आत कशासाठी बसलो होतो?"

न्यायमूर्ती भगवतींनी २०११ मध्ये आपली चूक जाहीरपणे कबूल केली. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणारे होते चंद्रचूडांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड. बापाच्या निकालावर मुलाने काट मारली. नातीने हे वर्गात वाचले होते. तिला तो धडा वाटला होता. आजोबांच्या शेजारी बसून ऐकताना ती एकदम गप्प झाली.

पुढची गाडी पुणे स्टेशनावरून बंडगार्डनला आली, नदी ओलांडली आणि येरवडा आले. तिथून रिक्षा. तुरुंगाच्या भिंतीबाहेर थोड्या अंतरावर एका रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. हा तुरुंग १८७१ सालचा. गांधीजी इथे होते. सप्टेंबर १९३२ चा पुणे करार इथलाच. प्रमिला दंडवते आणीबाणीत इथे होत्या आणि त्यांचे यजमान मधु दंडवते बंगलोरच्या तुरुंगात. नवराबायको पत्रांतून संसार करीत. सुटल्यावर वर्ष उलटायच्या आत मधु दंडवते देशाचे रेल्वेमंत्री झाले. जगात फार थोड्या देशांत कैद्याची अशी बढती झाली असेल.

मी नातीला म्हटले, "दुसऱ्या देशांत काय झाले तेही पाहा. ग्रीसमध्ये लष्कराने सात वर्षे राज्य केले. ते १९७४ मध्ये पडले आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तुझ्या आजोबांना इथे आणले त्याच महिन्यात, तिथल्या सेनाधिकाऱ्यांना कोर्टाने फाशी ठोठावली आणि मग ती जन्मठेप केली. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्कराचे राज्य. हजारो माणसे घरातून उचलली ती परत आलीच नाहीत. १९८५ साली तिथे नऊ सेनापतींवर साध्या नागरी न्यायाधीशांपुढे खटला चालला. पाचांना शिक्षा झाली, दोघांना जन्मठेप. पण मग लष्कर गुरगुरू लागले. हुकूम पाळणाऱ्या खालच्यांना सोडणारा कायदा झाला आणि पुढच्या अध्यक्षाने वरच्यांनाही माफी देऊन टाकली. ते कायदे कोर्टाने रद्द केले ते २००५ मध्ये. त्यांचा मुख्य सेनापती विदेला अखेर २०१३ मध्ये तुरुंगातच मेला."

"आपल्याकडे लष्कर नव्हते, सर," नात म्हणाली. मुलगी हुशार आहे. "आपल्याकडे सगळे घटनेच्या कलमाने झाले. सही राष्ट्रपतींची, कायदा संसदेचा, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा. मग गुन्हा कुठल्या कलमाखाली लावायचा? आणि निवडणूकही त्यांनीच घेतली, हरल्या आणि गेल्या. शिक्षा लोकांनी मतपेटीतून दिली."

"आणि मतपेटीतून परत घेतली," मी म्हणालो.

तात्यांनी रसाचा पेला खाली ठेवला. "मतपेटी म्हणजे शिक्षा नव्हे, बाळ. मतपेटी पुढचे ठरवते, मागचे नाही. कांदा महाग झाला म्हणूनही सरकार पडते. माझ्या दीड वर्षाचा आणि कांद्याचा भाव एकच धरायचा का?"

मग त्यांनी खिशातला कागद काढला.

तो अर्ज होता. १९७७ साली शहा आयोगाकडे धाडण्यासाठी लिहिलेला. आयोगाकडे असे हजारो अर्ज गेले. हा गेला नाही. त्यात दोन नावे होती. एक, अटकेच्या हुकमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे. दुसरे, तात्यांच्याच खात्यातल्या एका कारकुनाचे. चक्रमुद्रित पत्रके तात्यांच्या पेटीत आहेत, ही बातमी त्याने दिली होती. तो राहायला आमच्याच वसाहतीत, दोन इमारती सोडून.

"लिहिला रात्रभर बसून," तात्या म्हणाले. "सकाळी तिकीट लावायला निघालो, तर तुझी आजी म्हणाली, 'धाडा, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही आत होता तेव्हा तुमचा पगार बंद झाला आणि नोकरी गेली. मी शिवणावर घर चालवले. ते शिवण आणून कोण देत होते, ठाऊक आहे? त्याची बायको. तोंडाने कधी काही बोलली नाही. नुसते कापड ठेवायची आणि जायची.' मी कागद घडी करून ट्रंकेत टाकला."

"मग माफ केलेत," मी म्हणालो.

"तेच तर पन्नास वर्षे विचार करतो आहे, मास्तर. मला वाटले होते, वरचे लोक कोर्टापुढे उभे राहतील, त्यांचा निवाडा होईल, आणि मग मी या खालच्याला सुखाने सोडून देईन. पण वरचेही सुटले. मग माझी माफी ही माफी राहिलीच नाही, नाइलाज झाला. माफ करायलासुद्धा माणसाच्या हातात न्याय असावा लागतो."

बाकावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मला आमच्या नगराचे नाव आठवले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या रामेश्वरभटांनी, असे परंपरा सांगते. तेच रामेश्वरभट पुढे पश्चात्तापाने तुकोबांचे झाले. तुकोबांनी क्षमा केली खरी, पण आधी भट आपल्या पायांनी आले होते.

परतताना मी तात्यांना शनिवारवाड्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक होती, तरी सांगितली. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे. मग ते पुणे सोडून गेले. वाचकहो, आपण शाळेत एवढेच शिकतो. पुढची गोष्ट अशी की ती शिक्षा कधी अमलात आली नाही. राघोबादादा त्यानंतर दहा वर्षे जगले आणि आपल्या मरणाने गेले. तरी आज अडीचशे वर्षांनी महाराष्ट्राला आठवतो तो निवाडा. कोणीतरी एका माणसाने अपराधाला अपराध म्हटले, एवढ्यावर आपण इतकी वर्षे ताठ मानेने बोलतो.

शहा आयोगाच्या अहवालाचे तेच म्हणता येईल का? १९८० नंतर त्याच्या प्रती मिळेनाशा झाल्या. तमिळनाडूचे माजी खासदार एरा सेळियन यांनी तो २०१० मध्ये पुन्हा छापून काढला. आणि खटले जमले नाहीत, तरी एक काम त्या सरकारने पुरे केले. ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी आणता येणार नाही, सशस्त्र उठावच लागेल; मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागेल; आणि माणसाचा जगण्याचा हक्क आणीबाणीतसुद्धा काढून घेता येणार नाही, असे ठरले. गुन्हेगार सुटला पण खिडकीला गज बसले, असा हा व्यवहार. नात म्हणाली हेच मोठे. तात्या म्हणाले मोठे आहे, पण अर्धे आहे. मला दोघांचेही पटले.

आणि उरलेल्या अर्ध्याचे काय होते तेही आपण पाहिले आहे. महाराष्ट्रात मिसाबंदींना मानधन सुरू झाले २०१८ मध्ये, सरकार बदलल्यावर बंद झाले २०२० मध्ये, पुन्हा सरकार बदलल्यावर सुरू झाले २०२२ मध्ये. ज्याचा निवाडा कोर्टात होत नाही, त्याचा निवाडा दर सरकारागणिक नव्याने होत राहतो.

संत तुकारामनगरला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. वाय.सी.एम.ची इमारत दुरून उजळलेली दिसत होती. मला त्या नावाचीही गंमत वाटली. आणीबाणीत यशवंतराव केंद्रात मंत्री होते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात ते स्वागताध्यक्ष, आणि त्यांच्यादेखत अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढे इंदिराबाईंशी त्यांचे फाटले. तरी जुलै १९७९ मध्ये मोरारजींचे सरकार ज्या अविश्वास ठरावाने कोसळले, तो मांडला यशवंतरावांनीच. माणसाचा हिशेब एका ओळीत मांडता येत नाही, तो असा. पण त्याच रुग्णालयात तात्यांचे मोतीबिंदू निघाले, आणि तात्या म्हणतात, डॉक्टर फार चांगले होते.

जिन्याशी तात्या थांबले. त्यांनी तो कागद नातीला दिला.

"हा ठेव तुझ्याकडे. या कारकुनाचे नाव आहे ना, तेवढे काळे करून टाक. तो गेला, त्याची नातवंडे इथेच खेळतात. हुकमावर सही करणाऱ्याचे मात्र राहू दे."

"ते कशाला, आजोबा? तेही गेले असतील."

"गेले असतील. पण त्यांनी सही केली होती. सही करणाऱ्याचे नाव कुठेतरी राहिले पाहिजे."

घरी आलो तर सौभाग्यवतीने विचारले, "झाला का प्रवास? काय काय पाहिलेत?"

मी म्हणालो, "एक भिंत पाहिली, बाहेरून."

"आणि तात्या?"

"तात्यांनी ती आतून पाहिली होती."